पडल्या ठिकाणाहून

उडती तबकडी म्हटली की आमच्या पिढीच्या वाचकांना परग्रहावरून आलेले एखादे गूढ वाहन आठवेल. या लेखातली तबकडी तशी नाही. ती साध्या प्लॅस्टिकची, एकवीस सेंटिमीटर रुंद आणि पावणेदोनशे ग्रॅम वजनाची होती. तिच्यापायी आमची जी फजिती झाली ती मात्र परग्रहावर झाली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. ही फजिती सांगावयास आम्ही आज बसलो आहोत, याचे कारण तिच्यातून आमच्या हातून एक दावा दाखल व्हावयाचा राहिला. वकिलाच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे येतात, आणि आले तरी तो ते छापून जाहीर करीत नाही.

आमचे धाकटे बंधू अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स नावाच्या शहरात राहतात. मक्याची आणि सोयाबीनची अफाट शेते, मधूनच एखादे झाडांचे बेट, आणि वर आमच्या कोकणपट्टीत कधी न दिसणारे भलेमोठे आकाश, असा तो मुलूख आहे. आम्ही प्रथम २०१८ साली तिकडे गेलो, तेव्हा बंधूंनी एका रविवारी आम्हांस शहरापासून अर्ध्या तासावरच्या एका ग्रामीण उद्यानात नेले. त्या राज्यात १९५५ साली एक कायदा झाला आणि प्रत्येक परगण्याला आपली राने, नद्यांचे काठ आणि उद्याने सांभाळण्यासाठी मंडळ नेमण्याची मुभा मिळाली. अशाच एका मंडळाचे हे उद्यान. तेथे ना तिकीटघर, ना भजीवाला, ना कर्णा. ओक आणि अक्रोडाची झाडे, एक ओढा, आणि त्या झाडांतून अठरा ठिकाणी उभे केलेले लोखंडी खांब. प्रत्येक खांबाला वर साखळ्यांची झालर आणि खाली टोपली. दुरून पाहिल्यास कोणी समया उलट्या टांगून ठेवल्या आहेत की काय, असा भास व्हावा.

या खेळाला तिकडे डिस्क गोल्फ म्हणतात. सिमेंटच्या ओट्यावर उभे राहावयाचे, तबकडी भिरकवावयाची, ती जेथे पडेल तेथे चालत जावयाचे आणि तेथूनच पुन्हा भिरकवावयाची. अशा रीतीने ती टोपलीत जाईपर्यंत जितक्या फेकी लागतील तितके गुण; आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. चेंडू नाही, काठी नाही, सामान वाहणारा पोऱ्या नाही. साध्या गोल्फसाठी सभासदाची वर्गणी आणि श्रीमंतांची सोबत लागते. येथे एका तबकडीवर काम भागते, आणि बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असल्यामुळे खेळणाऱ्यास पैसाही पडत नाही.

या खेळाचा इतिहासही मौजेचा आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर केक भाजण्याच्या पत्र्याच्या ताटल्या फेकून खेळणाऱ्या फ्रेड मॉरिसन नावाच्या माणसाने पुढे प्लॅस्टिकची तबकडी बनविली. १९५५ साली त्याने तिला जे रूप दिले त्याचे नावच मुळी ग्रहावरून ठेवले होते, कारण त्या काळी अमेरिकेत आकाशातल्या तबकड्यांचे वेड शिगेला पोहोचले होते. १९५७ साली एका खेळणी बनविणाऱ्या कंपनीने तिचे हक्क घेतले आणि ती 'फ्रिस्बी' झाली. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर वर्तुळाकार कंगोरे घालून तिची उड्डाणे स्थिर केली. १९७५ साली त्यांनीच कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह उद्यानात या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले आणि पुढे साखळ्यांच्या टोपलीचे एकस्वही मिळविले. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या ओतण्यात आल्या. आम्ही अस्थी नदीत सोडतो. या गृहस्थाने त्या वाऱ्यावर सोडवल्या. ज्याचे जेथे मन, तेथे त्याचे तीर्थ.

२०१८ च्या त्या पहिल्या खेळात आमची सगळी कुचंबणा झाली ती सातव्या टोपलीपाशी. ओट्यासमोरच एक प्रचंड ओक उभा होता. टोपली त्याच्या मागे, उजवीकडे वळून. ओकाच्या बुंध्यावर एक बाण ठोकलेला होता. या खेळात काही ठिकाणी अशी सक्ती असते की तबकडीने अमुक झाडाच्या अमुक बाजूनेच गेले पाहिजे. चुकल्यास एका फेकीचा दंड. येथील सक्ती अशी की झाड उजव्या हाताला ठेवून जावे. "ही तर प्रदक्षिणाच!" असे आम्ही म्हणालो, आणि बंधू हसले. परंतु ही प्रदक्षिणा सोपी नव्हती. उजव्या हाताने नेहमीच्या पद्धतीने फेकलेली तबकडी वेग ओसरू लागला की आपसूक डावीकडे झुकते. आमच्या देवळात कौल लावताना देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडावी म्हणून आपण ताटकळत असतो. ही तबकडी दर वेळी डावा कौल देणारी. तिला झाडाच्या डावीकडून काढून पुन्हा उजवीकडे वळवावयाचे म्हणजे फेकताना तिची बाहेरची कड उचलून धरावी लागते. त्या दिवशी आम्ही सातव्या टोपलीला नऊ फेकी घेतल्या. त्यांतली एक तबकडी फांदीत अडकली, ती काढण्यात बंधूंची टोपीही अडकली. परंतु आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन आम्ही तो वळसा साधला. परतण्याच्या आदल्या दिवशी आमची तबकडी त्या ओकाला उजवी घालून टोपलीपाशी जाऊन पडली, तेव्हा एखादा खटला जिंकल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो.

मध्ये सहा वर्षे गेली. त्या सहा वर्षांत दोन झाडे पडली.

पहिले झाड तोच ओक. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवावरून एक वादळ गेले. ते चक्रीवादळ नव्हते. ते सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्यांचे वादळ होते. सुमारे चौदा तासांत त्याने बाराशे किलोमीटर मजल मारली, आणि सीडर रॅपिड्सच्या परिसरात वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गेला. कोट्यवधींची पिके जमीनदोस्त झाली आणि त्या शहरावरचे झाडांचे छत्र निम्म्याहून अधिक नाहीसे झाले. अशा वादळाला 'डेरेचो' म्हणतात. हे नाव आयोवातल्याच गुस्टाव्हस हिनरिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८८ साली दिले. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'सरळ'. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ 'हक्क', आणि तिसरा 'कायदा'. आमच्या आजोबांनी पोर्तुगीज भाषेत वकिली केली. त्यांच्या दप्तरावर त्याच शब्दाचा पोर्तुगीज भाऊ, 'दिरैतु', पानोपानी आढळतो. कायदा आणि वादळ यांना एकच नाव असावे याचे आम्हांस प्रथम हसू आले. पुढे आले नाही.

दुसरे झाड आमच्या देवस्थानचा वड. तो २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री उन्मळून पडला. वाचकांपैकी ज्यांची कुळे अंत्रुज महालातल्या देवळांशी बांधलेली आहेत त्यांना अशा वडाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. त्याच्या पारावर राखणदाराची घुमटी होती. जत्रेच्या रात्री देवाची पालखी महाद्वारातून निघाली की त्या वडाला उजवी घालून, पारापाशी थांबून, बारा चिऱ्याच्या पायऱ्या उतरून, कुळागरातून तळीकडे जाई. वड पडला तो पायऱ्यांखालची दरड आणि अर्ध्या पायऱ्या घेऊनच पडला. घुमटी मात्र, कशी कोण जाणे, शाबूत राहिली.

देवस्थानच्या समितीने ठरविले की पालखी यापुढे मोकळ्या झालेल्या जागेतून सरळ तळीकडे न्यावी. हा ठराव मांडला आमच्या चुलत बंधूंनी, अण्णांनी. अण्णा आमच्याहून तीन वर्षांनी वडील. आम्ही पोहावयास शिकलो ते त्यांच्या पाठीवर बसून, आणि शाळेत आमची पाटी फुटली तेव्हा त्यांनी आपली दिली होती. त्या सभेत आम्ही उठून त्यांच्या ठरावास विरोध केला. पालखीची वाट हा अनादि परिपाठ आहे; १९३३ च्या नियमांखाली समितीला कारभाराचा अधिकार आहे, परंपरा मोडण्याचा नाही; महाजनांच्या आमसभेतही बहुमताने देवाची वाट बदलता येत नाही, असे आम्ही बजावले. कोणी म्हणाले की आधी देवास कौल लावावा. त्यावर आम्ही उद्गारलो की प्रश्न कायद्याचा आहे, पाकळीचा नव्हे. हे वाक्य आज लिहितानाही आम्हांस लाज वाटते. अण्णा काही बोलले नाहीत. त्या वर्षी जत्रेस पालखी निघाली ती केवळ देवळाभोवती फिरून आत गेली. चतुर्थीला अण्णांच्या घरची माणसे आमच्याकडे आली नाहीत, आणि आमच्या घरची त्यांच्याकडे गेली नाहीत.

आम्ही कायम मनाईहुकुमासाठी अर्जदाव्याचा मसुदा तयार केला. वृद्धांचे जबाब घेतले. मसुद्यात सतरा परिच्छेद होते आणि ते उत्तम होते. तो मसुदा बॅगेत घालून, विमानात शांतपणे शेवटचा हात फिरवावा या विचाराने, आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्यांदा बंधूंकडे गेलो.

रविवारी आम्ही त्याच उद्यानात गेलो, आणि गाडीतून उतरताच आमचा दिशाभ्रम झाला. रान विरळ झाले होते. ओढा, जो पूर्वी नुसता ऐकू येई, तो आता दिसत होता. वादळानंतर मैदान नव्याने आखले होते. कित्येक ओटे हलविले होते. चौथी टोपली ओढ्यापलीकडे गेली होती. दोन वाटा एकमेकींना छेदत आणि फिरावयास येणाऱ्या माणसांच्या डोक्यावरून तबकड्या जात, तो दोषही या निमित्ताने काढून टाकला होता. जेथे झाडे समूळ गेली तेथे पुन्हा रोपे न लावता उंच गवत वाढू दिले होते. बंधू म्हणाले की हेच येथले खरे मूळचे. गोरे लोक नांगर घेऊन येण्यापूर्वी आयोवाची बहुतांश भूमी असल्याच पुरुषभर उंच गवताने झाकलेली होती. आता त्यातला हजारात एक भागही राहिलेला नाही. म्हणजे ज्या ओकाला आम्ही अनादि समजत होतो तो त्या जमिनीच्या हिशेबाने पाहुणाच होता.

सातव्या ओट्यावर आम्ही उभे राहिलो. समोर टोपली होती. सरळ, उघडी, नव्वद पावलांवर. वाटेत काही नव्हते. आम्ही तबकडी उचलली, हात मागे नेला, आणि तो हात, आम्हांस न विचारता, सहा वर्षांपूर्वी शिकलेला वळसा घेऊन सुटला. तबकडी डावीकडे गेली, नसलेल्या झाडाला प्रदक्षिणा घालू लागली, मध्येच आपल्या स्वभावावर जाऊन आणखी डावीकडे वळली आणि उंच गवतात दिसेनाशी झाली.

बंधू क्षणभर गप्प राहिले आणि मग हलकेच म्हणाले, "दादा, तें झाड आतां खंय आसा?"

त्यांना तबकडीबद्दलच बोलावयाचे होते. परदेशी राहून देवस्थानच्या भांडणात पडणे त्यांनी कटाक्षाने टाळले होते. परंतु आपल्या घरच्या बोलीत विचारलेला प्रश्न न्यायालयातल्या प्रश्नापेक्षा खोल जातो. आम्ही गवतात शिरून तबकडी शोधू लागलो आणि मनात सतरा परिच्छेद एकामागून एक वाचू लागलो. प्रत्येक परिच्छेदात वळसा होता. वड कोठेच नव्हता.

शोधाशोधीत एक म्हातारे गृहस्थ मदतीस आले. ते शेतकरी होते, आता शेती मुलाकडे होती, आणि पहिले मैदान आखणाऱ्यांत ते एक होते. सातवी वाट त्यांनीच आखली होती. ओक पडल्यावर काय झाले, ते त्यांनी सांगितले. फलकावरचा नियम कोणी बदलला नव्हता, म्हणून पुढचा सबंध हंगाम खेळाडू तेथे नसलेल्या झाडाच्या डावीकडूनच फेकत राहिले. वाट सरळ करण्याचे ठरले तेव्हा सर्वांत जास्त विरोध त्यांनी स्वतः केला. "मग?" आम्ही विचारले. ते म्हणाले, एक दिवस एका लहान मुलाने मला विचारले की आपण येथे वळून का फेकतो. मला उत्तर देता आले नाही.

मग त्यांनी आम्हांस ओकाचा बुंधा दाखविला. तो उपटला नव्हता. कमरेएवढ्या उंचीवर कापून त्याचे बसावयाचे आसन केले होते, आणि तो जुना बाण त्याच्यावरच ठेवला होता. नियम म्हणून नव्हे, आठवण म्हणून. येणारा प्रत्येक जण तेथे घटकाभर टेकतो, पाणी पितो, मग पुढे जातो. "वाट बदलली," ते म्हणाले, "थांबा बदलला नाही."

एक न्यायवचन आम्ही कायद्याच्या पहिल्याच वर्षात घोकले होते: नियमाचे कारण संपले की नियमही संपतो. ते वचन आम्ही न्यायालयात कित्येकदा दुसऱ्यांना ऐकविले आहे. त्या बुंध्यावर बसून ते आम्ही प्रथमच स्वतः ऐकले. पालखी वळत होती, कारण वाटेत वड होता. वड काही पालखीने वळावे म्हणून उगवला नव्हता. परंतु थांबण्याचे कारण वड नव्हता, राखणदार होता. आणि राखणदार तर जागेवरच आहे. वळसा आणि थांबा या दोन निराळ्या गोष्टी आम्ही एकाच परिच्छेदात बांधल्या होत्या, आणि अण्णांनी दोन्ही एकदमच सोडल्या होत्या. चूक दोघांकडून झाली होती; वकील असल्यामुळे आमची अधिक अक्षम्य.

आणि अनादि म्हणजे तरी काय? ज्या मंगेशाला आज आपण प्रियोळात हात जोडतो तो मूळचा कुशस्थळीचा. १५६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या छळामुळे त्याचे भक्त त्याला रातोरात झुआरी पार करून घेऊन आले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. देवांनी गाव सोडला, नदी ओलांडली, दुसऱ्याच्या मुलखात नव्याने दिवा लावला, आणि तरीही ते तेच देव राहिले. त्यांच्या पायांखालची चाळीस पावले सरळ झाल्याने ते परके कसे होतील? आमच्या पूर्वजांनी हा प्रश्न दिवाणी न्यायालयात नेला असता तर आज आपणांस देवळेच राहिली नसती.

तरीही एक गोष्ट कबूल केल्याशिवाय हे लिखाण पुरे होणार नाही. आमचे वडील पालखीपुढे दिवटी धरीत असत. ते २०१६ साली गेले. बारा पायऱ्यांच्या वळणावर ते नेहमी मागे वळून भोयांना "सांभाळून" म्हणत, आणि दिवटीच्या उजेडात त्यांचा चेहरा आम्हांस पुरता दिसे. तो चेहरा पाहण्याची आमच्याजवळ दुसरी जागा नव्हती. सतरा परिच्छेदांत परिपाठ, नियम, पुरावे सारे होते. हे एकच नव्हते, आणि दावा खरे म्हणजे याचाच होता.

आमची तबकडी अखेर सापडली. नियमाप्रमाणे ती जेथे पडली होती तेथेच खूण ठेवून आम्ही पुढची फेक केली. या खेळातला आम्हांस सर्वांत आवडलेला नियम हाच. पहिली फेक फसली म्हणून ओट्यावर परत जाऊन ती झालीच नाही असे मानता येत नाही, आणि दुसऱ्याच्या जागेवरूनही खेळता येत नाही. आपण जेथे पडलो तेथूनच, गवतातून, काट्यातून, पुढे जावयाचे. त्या दिवशी अठरा टोपल्यांना आम्ही एक्याण्णव फेकी घेतल्या. बंधूंनी एकसष्ट.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही अण्णांच्या ओसरीवर गेलो. वर्षभर न चढलेल्या पायऱ्या चढताना कोणते वाक्य आधी बोलावे याची तयारी केली होती. पण वहिनींनी "बसा" म्हटले आणि ती तयारी फुकट गेली. आम्ही एवढेच बोललो की सभेत कौलाबद्दल जे म्हणालो ते चुकलो. मग बुंध्याची हकिकत सांगितली. वाट सरळ व्हावी, घुमटीपाशी थांबा आणि आरती पूर्वीप्रमाणेच राहावी, असे सुचविले. अण्णा बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरीत राहिले. "हें तूं तेन्नाच सांगूंक जाय आशिल्लें," असे शेवटी म्हणाले, आणि एक खांड आमच्या हातावर ठेवले. मग म्हणाले की आमसभेआधी देवास विचारू.

कौल उजवा झाला. आमसभेत ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक अण्णा, अनुमोदक आम्ही. नव्या वाटेवर चिरे बसविण्यात आले आणि पडलेल्या पायऱ्यांचे शाबूत चिरे घुमटीच्या पारासाठी वापरले.

२०२५ च्या जत्रेत पालखी प्रथमच त्या वाटेने निघाली. दिवटी अण्णांच्या मुलाच्या हाती होती. आम्ही पालखीच्या उजव्या बाजूस चाललो होतो. घुमटीपाशी आरती झाली, भोयांनी खांदा बदलला, वाजंत्री पुन्हा सुरू झाली, आणि आमचा पाय, आम्हांस न विचारता, अंधारातल्या जुन्या वळणाकडे वळला. एक पाऊल पडलेही. तेवढ्यात कोणीतरी आमचे कोपर धरले. पाहतो तो अण्णा. ते काही बोलले नाहीत. आम्ही पडल्या ठिकाणाहून पुढचे पाऊल टाकले आणि सरळ वाटेला लागलो.